पायवाट आणि सायकल एकाच सहलीत: गट नेणाऱ्यांसाठी

चालण्याच्या सहलीचा आराखडा अनेकांना जमतो, सायकलच्या सहलीचाही जमतो. दोन्ही एकत्र आले की तिसऱ्या दिवशी गट ढेपाळतो आणि दोष हवामानाला किंवा लोकांच्या तयारीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा आराखड्यातच सापडतं: कोणत्या दिवसामागे कोणता दिवस ठेवला, आणि सायकल सोडून पायी निघायच्या जागी किती वेळ धरला. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दिवसांचा क्रम

चढाने दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजन रोखून धरत असतो. या ओढाताणीत स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही. २४ ते ७२ तासांत ते शिगेला पोहोचतं. १,००० मीटर उतरून आलेला माणूस त्या संध्याकाळी खुशीत असतो आणि दोन दिवसांनी जिना उतरताना कठडा धरतो. पॅडल मारताना स्नायूंवर असा ताण जवळजवळ येतच नाही. त्यामुळे मोठ्या उतारानंतरच्या दिवशी सपाटीवरची हलकी सायकल खपून जाते, दुसरा मोठा उतार खपत नाही.

सायकलचं दुखणं वेगळ्या जागी असतं: बैठक, तळहात, मान. सवय नसलेल्याला सलग तीन दिवस सीटवर बसवलं, तर तिसऱ्या दिवशी तो अर्धा वेळ पॅडलवर उभा असतो. मधला चालण्याचा दिवस बैठकीला आणि हातांना विश्रांती देतो. मिश्र सहलीचा खरा फायदा हाच, पण तो क्रम नीट लावला तरच मिळतो.

पाच दिवसांसाठी ही मांडणी बहुतेक गटांना चालते. पहिल्या दिवशी २५ ते ३० किलोमीटर सायकल, जवळजवळ सपाट. सीटची उंची आणि माणसांचा वेग दोन्ही यात कळतात. दुसऱ्या दिवशी १० ते १२ किलोमीटर चाल, उतार ४०० मीटरच्या आत. तिसरा दिवस लांब सायकलचा. चौथा दिवस मोठ्या चालीचा, शिखराचा किंवा खिंडीचा. पाचव्या दिवशी सपाट, छोटी सायकल आणि परतीचा प्रवास. चौथ्या दिवसाचं दुखणं घरी पोहोचल्यावर शिगेला जातं, वाटेत नाही. शिखर पहिल्याच दिवशी गाठायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तेव्हा पाय ताजे असतात. तो मोह उरलेले चार दिवस वसूल करतो.

वेळेचा हिशोब

चालण्याच्या वेळेचा सर्वांत जुना प्रचलित नियम स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापांत सांगायचं तर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम कणखर, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. दहा जणांच्या गटाला तो लावला की दुपारीच अंदाज कोलमडतो. गटासाठी जर्मन मानकाची पद्धत जास्त खरी उतरते: सपाट अंतर ताशी ४ किलोमीटर, चढ ताशी ३०० मीटर, उतार ताशी ५०० मीटर. अंतराचा वेळ आणि उंचीचा वेळ वेगवेगळे काढा. जो मोठा येईल तो पूर्ण घ्या आणि लहानाचा अर्धा त्यात मिळवा.

समजा वाट १४ किलोमीटर, चढ ७०० मीटर, उतार ५०० मीटर. अंतराचे साडेतीन तास. चढाचे दोन तास वीस मिनिटं आणि उताराचा एक, मिळून तीन तास वीस मिनिटं. साडेतीन अधिक एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे सुमारे पाच तास दहा मिनिटं. हा निव्वळ चालण्याचा वेळ झाला. दर तासाला दहा मिनिटं आणि जेवणाची पाऊण तास विश्रांती धरली की जवळपास पावणेसात तास होतात. नेस्मिथच्या नियमाने याच वाटेला चार तास येतात. अंधारात अडकलेले बरेच गट या दोन आकड्यांमधल्या फरकात अडकलेले असतात.

सायकलवर मिश्र गटाचा वेग सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ ते १८ किलोमीटर आणि खडीच्या किंवा मातीच्या वाटेवर १० ते १२ धरा. तीव्र चढ किलोमीटरमध्ये मोजू नका, उंचीत मोजा: सामान्य सायकलस्वार तासाला ३०० ते ४०० मीटर चढतो. उतारावर वाचणारा वेळ हिशोबात घेऊच नका. तो फोटोंमध्ये, ब्रेक थंड करण्यात आणि मागच्यांची वाट पाहण्यात जातो.

मुक्कामाला सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं धरून निघायची वेळ ठरवा. परत फिरायची वेळही निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर जाहीर करा: ‘एक वाजेपर्यंत खिंडीत नसलो तर जिथे असू तिथून मागे.’ शिखर समोर दिसत असताना हा निर्णय नव्याने घ्यायला गेलात, तर तो हमखास चुकतो.

वाट आधी पाहून ठेवणं

सहलीच्या आधी दोन आठवड्यांच्या आत वाट स्वतः पाहून या. ज्या दिशेने गट जाणार त्याच दिशेने, आणि सायकलचा टप्पा सायकलवरूनच. गाडीतून पाहिलेला चढ कमी वाटतो आणि खडी तर दिसतच नाही. पाहताना चार गोष्टी टिपा: पाणी, दाट सावली, फोनला रेंज असलेल्या जागा, आणि गाडी पोहोचू शकेल अशा सुटकेच्या वाटा. साधारण दर ८ ते १० किलोमीटरला एक सुटकेची वाट नसेल, तर तो टप्पा अनुभवी गटासाठी ठेवा. संरक्षित जंगल असेल तर परवाना आणि सायकलला मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे चालायला परवानगी आहे तिथे सायकललाही असेल, असं गृहीत धरू नका.

वाटेची प्रत शब्दांत सांगितली की प्रत्येक जण आपल्या सोयीने ऐकतो. स्विस अल्पाइन क्लबची टी१ ते टी६ ही श्रेणी पायवाटांसाठी आणि एस० ते एस५ ही सिंगलट्रेल श्रेणी सायकलवाटांसाठी वापरली तर गोंधळ टळतो. टी३ मध्येच तोल सांभाळायला हात टेकावे लागू शकतात आणि दृष्टिभय असलेल्या जागा येतात. अनोळखी, मिश्र गटाला टी२ आणि एस१ च्या पुढे नेऊ नये.

माणसांची माहिती घेताना ‘तुमची तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न निरुपयोगी. सगळे ‘उत्तम’ म्हणतात. विचारा: गेल्या तीन महिन्यांत एका दिवसात सर्वाधिक किती किलोमीटर चाललात? सायकल किती चालवलीत? रोजची औषधं, दम्याचा पंप, कशाची अॅलर्जी? सायकल तुम्ही पुरवणार असाल तर उंचीसोबत पायाची आतली लांबी, म्हणजे अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप, हेही मागवा. सारख्या उंचीच्या दोघांना वेगळ्या मापाची सायकल लागू शकते.

सायकल माणसाला बसवणं

पहिल्या सकाळी दर माणशी पाच मिनिटं द्या. बूट घालून सीटवर बसवा, टाच पॅडलवर ठेवायला सांगा आणि पॅडल सर्वांत खाली आणा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो. मागून पाहा: कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे. संध्याकाळी गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं टोक खाली झुकलेलं आहे का ते बघा. माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो.

हवेचा दाब ‘टायर कडक होईपर्यंत’ भरणं ही जुनी खोड. साधारण ७० किलोच्या माणसाला, आत ट्यूब असेल तर, २८ मिलिमीटर टायरसाठी ७० ते ८० पीएसआय, ४० मिलिमीटरसाठी ४० ते ५०, आणि २.२ इंची डोंगरी टायरसाठी २८ ते ३५ हा पट्टा ठीक. वजनदार माणसाला थोडा जास्त, हलक्याला कमी. टायरवर छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. दाब जास्त झाला की खडीवर चाक उड्या मारतं आणि पकड सुटते. कमी झाला की दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटते.

रोज निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन आणि चाकांचे खटके तपासा. ब्रेक पूर्ण दाबला तरी त्याचा दांडा हँडलला टेकता कामा नये. मग सायकल बोटभर उंच उचलून सोडा आणि ऐका. खुळखुळ आली तर काहीतरी सैल आहे, निघण्याआधी शोधा.

पंक्चर काढताना लोक ट्यूब बदलतात आणि काटा टायरमध्येच ठेवतात. दुसरं पंक्चर दहा मिनिटांत होतं. ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्हच्या जागेवरून टायर आणि ट्यूब जुळवून ठेवा. भोक ट्यूबवर जिथे सापडेल, टायरवर त्याच जागी आतून जपून बोट फिरवा. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर ते चिमटल्याचं पंक्चर. कारण कमी हवा, काटा शोधत बसू नका. भोक रिमच्या बाजूने असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. नव्या ट्यूबमध्ये टायरखाली बसवण्याआधी किंचित हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरचा शेवटचा भाग हातानेच चढवा. लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने, चढवायला गेलात तर नवी ट्यूब तिथेच फाटते.

दहा जणांच्या गटासाठी दुरुस्तीच्या पिशवीत हे असावं: प्रत्येक चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, चार लिव्हर, दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप, चेन तोडायच्या सोयीसह ४, ५ आणि ६ मिलिमीटर अॅलन की असलेलं मल्टिटूल, गिअरसंख्येला जुळणाऱ्या चेनच्या जोडकड्या, ब्रेक आणि गिअरच्या तारा, प्लॅस्टिकचे बंद, आणि त्या त्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग ज्याला जोडलेला असतो तो. हँगर हा बोटाएवढा तुकडा सायकल पडली की मुद्दाम वाकावा असाच बनवलेला असतो, आणि एका सायकलचा दुसरीला सहसा बसत नाही. तो नसेल तर एका किरकोळ आपटण्याने दिवस संपतो.

ई-सायकल असेल तर एक सावधगिरी. मंद माणसाला गटासोबत ठेवायला ती उत्तम, पण २० ते २५ किलोची सायकल कुंपणावरून किंवा ओढ्यातून उचलून न्यायला दोन माणसं लागतात. चढ आणि थंडी बॅटरी झपाट्याने खातात. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्याच्या निम्म्यावर आखणी करा.

सायकलवरून पायावर

जिथे सायकली ठेवून चाल सुरू होते तिथे दहा जणांचा गट अर्धा ते पाऊण तास सहज खातो. हा वेळ आराखड्यात लिहा. जेलच्या गादीची सायकलची चड्डी चालण्याआधी बदलायला लावा. घामाने ओली गादी चालताना मांड्या सोलते, आणि हे सांगायला पहिल्यांदा सगळेच संकोचतात. चालण्याचे बूट, कोरडे मोजे आणि सॅक प्रत्येकाच्या नावाच्या एकाच पिशवीत असावेत. हेल्मेटं मोजून एकत्र बांधा. सायकली गाडीवर चढवताना डिस्क ब्रेकचं चाक काढलं असेल तर ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला. कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

गट चालवणं

आठ ते दहा जणांमागे एक जाणकार, पण कमीत कमी दोघं: एक पुढे, एक शेवटी. पुढच्याकडे नकाशा, शेवटच्याकडे प्रथमोपचार आणि दुरुस्तीची पिशवी. सायकल बिघडलेला किंवा थकलेला माणूस नेहमी मागेच येतो, त्यामुळे पिशवी पुढे असून उपयोग नाही. गट निघताना, थांबताना आणि थांबून पुन्हा निघताना मोजा.

फाट्यांवर माणसं हरवतात. उपाय सोपा आहे: फाटा आला की पुढच्या जाणकाराच्या लगेच मागचा माणूस तिथे उभा राहतो आणि शेवटचा जाणकार येईपर्यंत हलत नाही. ‘सगळे गेले वाटतं’ असं स्वतःच ठरवून तो निघाला की ही पद्धत मोडते. त्याला सोडायचा अधिकार फक्त शेवटच्याचा, हे आधीच बजावून ठेवा.

विश्रांतीत एक अन्याय सर्रास होतो. पुढचे पोहोचतात, दहा मिनिटं बसतात, सर्वांत थकलेला येतो आणि त्याच क्षणी सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याला ती शून्य. दहा मिनिटं शेवटचा माणूस सॅक उतरवतो तेव्हापासून मोजा.

सायकलवर दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लागून जाऊ देऊ नये. पुढचा जरा वळला की मागचा आडवा होतो. उतारावर दोघांत किमान दहा मीटर, खडीवर त्याहून जास्त. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात पण गुळगुळीत दाबा, वेग कमी करा, सोडा. रिम ब्रेकच्या सायकलवर लांब उतारभर ब्रेक धरून ठेवला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. अरुंद वाटेवर समोरून पायी माणूस आला तर सायकलवाला थांबतो.

पाणी साधारण तासाला अर्धा लिटर. उन्हात चढ असेल तर पाऊण ते एक. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं, रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, हातांना सूज आणि लघवी मात्र स्वच्छ, असं दिसलं तर पाणी थांबवून खारट काहीतरी द्या. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि गार करणं सुरू असतानाच मदत बोलवा. हलवण्याची घाई त्यानंतर.

फोड येण्याआधी त्या जागी जळजळते. त्या क्षणी गटाला थांबवायला लाजू नये, असं सकाळीच सांगा. कोरडं करून पट्टी लावायला तीन मिनिटं लागतात; फोड आल्यावर दोन दिवस जातात. नखं आदल्या दिवशी कापलेली हवीत, नाहीतर उतारावर अंगठा बुटावर आपटून काळा पडतो. उतार सुरू होण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळल्या तरी हे बरंच टळतं.

भूभाग बदलतो तसं

जंगलात ओली मुळं निसरडी असतात. सायकलने ती शक्य तितकी काटकोनात ओलांडा आणि त्यांच्यावर ब्रेक लावू नका. संध्याकाळी गोचिडी तपासा: गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल किंवा जळती काडी लावू नका.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, चालताना माणसं एकाखाली एक नकोत. एकेक करून पार करा किंवा अगदी जवळजवळ राहा, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग येत नाही. काठ्या चढावर थोड्या आखूड, उतारावर थोड्या लांब.

ओढा ओलांडायचा तर अरुंद जागा शोधू नका, तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं. पसरट, उथळ जागा बरी. सॅकचे कंबरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नये. बर्फ वितळून येणारे ओढे पहाटे सर्वांत कमी असतात आणि दुपारनंतर चढतात. सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतीला अडवू शकतो.

वाळूत हवा पाव हिस्सा कमी करा, हलका गिअर ठेवा, वजन मागे घ्या, आणि पुन्हा कडक रस्ता लागला की लगेच हवा भरा. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि चिमट्याचं पंक्चर ओढवून घेतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम नको, पाऊस कुठेतरी दूर पडलेला असतो.

समुद्रकाठच्या वाटेवर भरतीचं वेळापत्रक नकाशाइतकंच महत्त्वाचं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. चढण्याच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. कड्याखालून जायचं असेल तर ओहोटी पूर्ण होण्याआधी निघा.

उंचीवर दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, वारा वेगळा. चढून घामाघूम झालेल्यांना सायकलच्या उताराआधी, माथ्यावरच, वारारोधक जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घालायला लावा. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चाल लटपटणं दिसलं तर वर जाणं बंद. लटपट असेल तर रात्र असली तरी खाली आणा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की धार, माथा आणि एकटं झाड सोडा, सायकलीपासून दूर व्हा, गट पांगवा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा.

अपघात झाला तर

आधी बाकीच्यांना सुरक्षित जागी थांबवा, मग जखमीकडे जा. एकाने उपचार, दुसऱ्याने वेळ आणि लक्षणं लिहायची, तिसऱ्याने संपर्क. सांगायचा क्रम: अक्षांश-रेखांश, काय झालं, किती जण, शुद्धीत आहे का, गाडी कुठपर्यंत येते. बऱ्याच देशांत मोबाइलवरून ११२ लागतो. निघण्याआधी त्या भागातला क्रमांक खात्री करून लिहून ठेवा. रेंज नसेल तर डोंगरातली जुनी खूण चालते: मिनिटात सहा शिट्ट्या किंवा सहा प्रकाशझोत, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी ‘वाय’चा आकार म्हणजे ‘मदत हवी’.

नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. विमान मोडमध्येही उपग्रहावरून जागा कळते आणि बॅटरी टिकते. थंडीत फोन आतल्या खिशात. १:५०,००० चा कागदी नकाशा आणि होकायंत्र पुढच्याकडे असावेच, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.

संध्याकाळी

मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीआधी अर्धा तास सायकलींना द्या, नंतर कुणी उठत नाही. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटांनी जादा तेल पुसून टाका; ओली राहिली तर उद्याची धूळ तिथेच बसेल. किनाऱ्यावरून आला असाल तर आधी गोडं पाणी, पण नळीचा जोराचा फवारा बेअरिंगवर नको. मग सगळ्यांचे पाय बघा, खरोखर मोजे काढून. जेवण झाल्यावर उद्याचं सांगा: निघायची वेळ, अंतर, चढ-उतार, पाणी कुठे, सुटकेच्या वाटा कोणत्या, परत फिरायची वेळ कोणती. आणि कोणाला उद्या गाडीतून यायचं आहे ते सगळ्यांसमोर विचारू नका. नंतर एकेकाकडे जाऊन विचारा.